फलकावर नावे असताना गुन्हा ‘अज्ञात’ कसा? : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाआधी वावटळ उठली, तेव्हा आमचे नाना भाजी घेऊन घरी येत होते. चौकातल्या विजेच्या खांबाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक सुतळीने बांधलेला होता. सुतळी तुटली आणि लोखंडी चौकटीचा कोपरा त्यांच्या कपाळावर बसला. सात टाके पडले. ते वाचले. हे पत्र मात्र त्या जखमेपेक्षा नंतर जे घडले त्याबद्दल आहे.

मी पालिकेच्या अ‍ॅपवर फोटोसह तक्रार केली. चौथ्या दिवशी फलक उतरवला गेला आणि मोबाइलवर संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ माहिती अधिकारात विचारले, की फलक लावणाऱ्यावर कोणती कारवाई झाली? उत्तर आले, फलक अज्ञात व्यक्तीने लावला होता. साहेब, माझ्याकडच्या फोटोत त्या फलकावर एक वाढदिवसमूर्ती, अठरा शुभेच्छुक आणि खाली मंडळाचे नाव आहे. अठरा चेहरे हसत आहेत. नानांनी तो फोटो भिंगातून पाहिला आणि मला म्हणाले, “यातला अज्ञात कोण?”

खरा घोटाळा इथेच होतो. पालिकेचा नियम मोडणे म्हणजे जणू रस्त्यात पडलेली वस्तू, उचलली की प्रकरण संपले, असा समज नागरिकांत आहे आणि कार्यालयांतही आहे. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे 244 आणि 245 सांगतात, की आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरातफलक लावता येत नाही. त्याखाली 2022चे नियमही आहेत. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा 1995चा कायदा तर याला गुन्हाच मानतो. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. म्हणजे फलक उतरवणे ही फक्त साफसफाई झाली. गुन्हा तसाच राहतो आणि तो कोणाच्या नावावर आहे हे लिहिण्याचे काम बाकी असते.

दंड भरला की परवानगी मिळाली, असाही एक समज आहे. आमच्याच भागातल्या एका कार्यकर्त्याने मला सांगितले, “पावती फाडली आहे, आता तो राहू दे.” दंडाची पावती परवाना होत नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. शिवाय दोन हजार रुपये म्हणजे आजघडीला किती? वीस बाय दहाचा फलक छापून चौकटीसह उभा करायला याहून जास्त लागतात. तो दंड खर्चातच धरला जातो.

31 जानेवारी 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर बेकायदा फलकांबाबत निकाल दिला आणि सर्व पालिकांना कारवाईचे आदेश दिले. त्यानंतर 13 मे 2024 रोजी घाटकोपरला 120 बाय 120 फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे गेली. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा होती 40 बाय 40. एवढा मोठा फलक काही रात्रीतून, कोणाच्या नकळत उभा राहिला नव्हता. जमीन रेल्वे पोलिसांची, की परवानगी पालिकेची, या वादात नियम सर्वांच्या डोळ्यांसमोर मोडत राहिला. आमच्या चौकातली चौकट त्यापुढे क्षुल्लक आहे. पण लहान फलकावर नाव लिहायची सवय नसलेले कार्यालय मोठ्या फलकावर कुठून लिहिणार?

उपाय नवा शोधावा लागणार नाही. निवडणुकीत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-क नुसार प्रत्येक पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावा लागतो. तोच नियम फ्लेक्सना वर्षभर लागू करा. परवानगीचा क्रमांक आणि मुदत ठळक छापा, म्हणजे बसथांब्यावरचा माणूसही बेकायदा फलक ओळखेल. अतिक्रमण पथकाने फलक उतरवण्याआधी फोटो काढावा, त्यावरची नावे पंचनाम्यात घ्यावीत, छापणाऱ्याकडे चौकशी करावी. गुन्ह्याचा क्रमांक नोंदवल्याशिवाय अ‍ॅपवर तक्रार बंद करता येऊ नये. हे शेवटचे सर्वांत आधी करा, कारण त्याला नवा कायदा लागत नाही. आपल्या खात्याचे एक परिपत्रक पुरे.

आणखी एक विनंती. या फलकांवर सर्व पक्षांच्या नेत्यांचे फोटो असतात, मंत्र्यांचेही असतात. माझा फोटो असलेल्या विनापरवाना फलकावर आधी गुन्हा नोंदवा, असे आपण आयुक्तांना जाहीरपणे सांगा. पथकातल्या मुकादमाला त्या एका वाक्याचा किती आधार वाटेल, हे मी त्यांच्याशी बोलून जाणते. फलक काढताना त्यांनाच दमदाटी होते.

नाना आता त्या चौकातून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालतात. आज सकाळी त्याच खांबाला नवा फलक लागला आहे. परवानगीचा क्रमांक कुठेही नाही, नावे बावीस आहेत. फोटो सोबत जोडला आहे.

आपली नम्र,
एक करदाती नागरिक