सीताबर्डीच्या रेडिओवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नागपुरात नवा आलेला कोणी "रेडिओ खरखरतो, दुसरा द्या" म्हणत दुकानात शिरला, की तुम्ही नवा सेट काढत नाही. आधी विचारता, "घरी कूलरचा रेग्युलेटर कोणता लावला आहे बाप्पा?" धंद्याच्या हिशेबानं प्रश्न तोट्याचा आहे, पण त्यानं कितीतरी पोरांचे पैसे वाचले. म्हणून हे आभार चारचौघांत.

इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा वीज तोडतो-जोडतो. त्याची चरचर मध्यम लहरींवर (सेटवरचं MW किंवा AM) ऐकू येते, एफएमवर जवळजवळ नाही. म्हणजे 100.6 वर विविध भारती स्वच्छ आणि 585 किलोहर्ट्झवर आकाशवाणी नागपूर घोगरं, असं झालं तर दोष सेटचा नाही, घराचा. तुमची तपासणी दोन मिनिटांची: सेट सेलवर लावा, मेन स्विच पाडा. खरखर थांबली तर मेन चढवून एकेक वस्तू सुरू करत जा. बहुतेक वेळा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्ब नाहीतर मोबाइलचा चार्जर सापडतो. कूलर पूर्ण गतीवर ठेवला तरी चरचर बरीच उतरते. मे महिन्यात तो तसाही पूर्णच असतो म्हणा.

मेन पाडूनही आवाज राहिला तर तो शेजारचा. तिथं तुमची दुसरी शिकवण कामी येते. मध्यम लहरी बाहेरच्या लांब एरियलवर येतच नाहीत, पोटातल्या फेराइटच्या दांड्यावर येतात. लोक एरियल ओढत बसतात, आणि सेट जागचा हलवत नाहीत! सेट आडवा गोल फिरवला की एका दिशेला केंद्र मोठं होतं आणि काटकोनात पार बसतं. हे 'बसणं' फार अरुंद जागेत होतं, म्हणून दांड्याचं टोक खरखरीच्या दिशेला धरायचं. केंद्र थोडं उतरेल, पण चरचर त्याहून जास्त मरेल.

एफएमचं गणित वेगळं. 100 मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची, तिचा चौथा हिस्सा 75 सेंटिमीटर; एरियल तेवढं बाहेर काढलं की झालं. स्लॅबच्या घरात लहरी भिंतींवर आपटून एकमेकींना खातात, म्हणून सेट खिडकीकडे हातभर सरकवला तरी फरक पडतो. फुसफुस उरली तर स्टिरिओ बंद करून मोनो. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच एरियल असते.

आणि तो डिजिटल सेटचा घोळ! 580 नंतर थेट 590 येतं, 585 सापडतच नाही, अशी तक्रार घेऊन येणारे तुमच्याकडे कमी नाहीत. सेट दहा किलोहर्ट्झच्या पायरीवर असतो. आपल्याकडे पायरी नऊची. मागची कळ किंवा सेटिंग 9 वर आणलं की काम झालं. जुन्या काट्याच्या सेटवर लहरीची लांबी मीटरमध्ये छापलेली असेल, तर हीच जागा 513 मीटरच्या आसपास.

रेडिओ जमला की तुम्ही शहर सांगू लागता. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सकाळच्या बातम्या ऐकून निघायचं. मोर्चांच्या दिवशी सिव्हिल लाइन्सकडे गाडी नेण्यात अर्थ नाही. मेट्रो घ्यायची, ऑरेंज आणि अ‍ॅक्वा दोन्ही मार्ग सीताबर्डीलाच मिळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक, तिथं चप्पल घट्ट हवी आणि पाकीट पुढच्या खिशात. तर्री-पोहे मागताना पहिल्यांदा तर्री, म्हणजे तिखट रस्सा, वेगळ्या वाटीत घ्यायची, कारण पोह्यांवर पडली की परत काढता येत नाही. झणझणीत सावजी जेवणाबद्दल तुम्ही नुसतं हसता; तेवढ्यात समजतं.

यातलं काहीच तुम्ही बिलात लावत नाही. निदान चहाचे पैसे तरी आम्हाला देऊ द्या, काका.

तुमचे,
वसतिगृहातले सगळे

ता. क. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना सेटमधले सेल काढून ठेवले आहेत. गळून पत्र्या हिरव्या पडलेले सेट यंदा तुमच्या टेबलावर कमी येतील.