नोझल उतरवण्याआधी धूर बघा

संपादक महाशय,

बोटीच्या इनबोर्ड डिझेल इंजिनाची ओढ कमी झाली की पहिला हात जातो सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलवर, नाहीतर त्याला दाबाने डिझेल देणाऱ्या इंजेक्शन पंपावर. दोन्ही कॅलिब्रेशनला जातात, भलंमोठं बिल येतं आणि परत बसवल्यावर इंजिन तसंच दमतं. दोष बहुतेक वेळा या दोन्हींच्या बराच अलीकडे असतो.

आधी लोडवर धूर बघावा. काळा असेल तर डिझेल पोचतंय, पण हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त झालंय. एअर फिल्टर, एक्झॉस्टच्या एल्बोत (वाकड्या पाइपात) साठलेला कार्बन, बोटीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) चढलेले शिंपले किंवा अडकलेला दोर तपासा. डिझेलची लाइन उगाच खोलू नका. याउलट धूर नाही आणि रेस वाढवली की इंजिन वर-खाली करतं, तर त्याला डिझेल पुरत नाहीये.

अशा वेळी टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जाण्याची वाट, तुंबलाय. तसं नसेल, तर 10 लिटरच्या स्वच्छ कॅनमधून थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाला, डिझेल द्या. कॅन पंपाच्या खालीच हवा. वर ठेवला तर कमजोर पंपही चांगला भासतो. इंजिनाने पूर्ण रेस घेतली, तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच आहे. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या वाटीत पाणी किंवा काळा चिकट गाळ सापडेल, नाहीतर टाकीतल्या सक्शन पाइपची जाळी भरलेली असेल. पहिल्या फिल्टरला 10 किंवा 30 मायक्रॉनचा एलिमेंट पुरतो. 2 मायक्रॉनचा, म्हणजे फार बारीक, घातला की तोच आधी तुंबतो.

सगळ्यात फसवा दोष म्हणजे एअर घेणारा जोड. फीड पंपाच्या आधी लाइनमध्ये दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे चालू इंजिनात तिथून डिझेल गळत नाही, हवा आत शिरते आणि जोड बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. बॅन्जो बोल्ट (लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) खोललाच आहे, तर तांब्याचे वॉशर नवेच घाला.

नंतर हाताने पंप मारत, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा. स्टार्टर बराच वेळ मारावा लागला तर इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. नाहीतर सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन चालू होताच मात्र कॉक लगेच उघडायचा, पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फार टिकत नाही.

आपला,
एक मरीन डिझेल मेकॅनिक