त्या जहाजाला भंगार म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या देशविदेशच्या पानावर गेल्या आठवड्यात तळाशी आठ ओळींची एक चौकट होती. ‘टायटॅनिकच्या काळातले भंगार जहाज पर्यटकांसाठी बुडवणार’ असा तिचा मथळा होता आणि आत जहाजाचे नाव ‘एसएस युनायटेड’ असे अर्धेच छापले होते. पूर्ण नाव ‘एसएस युनायटेड स्टेट्स’. टायटॅनिक बुडाले १९१२ साली, हे जहाज पहिल्या सफरीला निघाले ३ जुलै १९५२ रोजी. म्हणजे दोहोंमध्ये चाळीस वर्षांचे आणि दोन महायुद्धांचे अंतर आहे. एवढी दुरुस्ती दोन ओळींतही कळवता आली असती. पण मथळ्यातला ‘भंगार’ हा शब्द काही केल्या पचेना, म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी कात्री लावावी लागलीच, तर घरगुती मजकूर कापावा, आकडे ठेवावेत, ही विनंती.

भंगाराशी माझे वाकडे नाही, हे आधी सांगतो. हिंगणा एमआयडीसीत मी चौतीस वर्षे अ‍ॅल्युमिनियमची ओतशाळा चालवली. कबाड्याकडून येणारी पातेली, खिडक्यांच्या पट्ट्या, स्कूटरची फुटकी इंजिने हाच माझा कच्चा माल होता. खनिजापासून अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांत ते भंगारातून पुन्हा हाती येते, हे वाक्य मी गिऱ्हाइकांना, बँकेच्या साहेबांना आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवले आहे, की ते सुरू झाले की सौ. चहा ठेवायला उठते. तेव्हा जुना धातू भट्टीत जाताना मला हळहळ वाटावी, असा माझा धंदाच नव्हता. तरी या एका जहाजाबद्दल वाटते.

नागपूरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे झिरो माइलचा दगड आहे, चार घोडे आहेत, समुद्र मात्र कुठल्याही दिशेला गेले तरी लांबच. माझे थोरले काका १९५४ साली शिकायला विलायतेला गेले, ते मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पी अँड ओ कंपनीच्या बोटीने, एडन आणि सुएझमार्गे. त्यांची लोखंडी ट्रंक आमच्या महाल भागातल्या घरी माळ्यावर कितीतरी वर्षे पडून होती. तिच्यावर ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’ असे लेबल चिकटवलेले होते; सफरीत लागणार नाही, तळघरात टाका, एवढाच त्याचा अर्थ, पण आम्हा पोरांना ती नकोशी झालेली ट्रंक वाटायची. त्याच ट्रंकेत काकांनी साउदॅम्प्टनहून आजोबांना पाठवलेले एक रंगीत कार्ड होते. काळ्याभोर जहाजावर पांढरेशुभ्र मजले आणि मागे कललेली दोन अवाढव्य धुरांडी, लाल रंगाची, वरच्या कडेला पांढरा आणि निळा पट्टा. मागे काकांनी लिहिले होते, ‘हे आज येथे पाहिले. वरचा सगळा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे म्हणतात.’ मी पुढे या धातूच्या धंद्यात पडलो, त्याला हे कार्ड कारण झाले असे म्हणणार नाही. वडिलांनी एक जुनी भट्टी स्वस्तात घेतली होती, हे खरे कारण. पण कार्ड मी जपून ठेवले.

या जहाजाची लांबी ९९० फूट, म्हणजे टायटॅनिकपेक्षा शंभरावर फूट अधिक. आपल्या विदर्भ एक्सप्रेसचे साधारण तेरा डबे एकापुढे एक लावावेत एवढी. पहिल्याच सफरीत त्याने न्यूयॉर्कजवळच्या अ‍ॅम्ब्रोझ दीपनौकेपासून इंग्लंडच्या बिशप रॉकपर्यंतचे अंतर ३ दिवस १० तास ४० मिनिटांत कापले. आधीचा विक्रम ‘क्वीन मेरी’चा होता, तो चौदा वर्षांनी मोडला, आणि मोडला तोही तब्बल दहा तासांच्या फरकाने. सरासरी वेग ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६६ किलोमीटर. मुंबई ते नागपूर हे सुमारे ८४० किलोमीटरचे अंतर विदर्भ एक्सप्रेस साधारण चौदा तासांत तोडते. सरासरी काढली तर ताशी साठच्या आसपास येते. रुळांवरून धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक वेगाने, दोन हजारांच्या आसपास प्रवासी आणि हजारभर कर्मचारी घेऊन, लाटांतून साडेतीन दिवस अखंड धावणे म्हणजे काय, हे पहाटे बडनेऱ्याच्या पुढे डोळा उघडून घड्याळाकडे पाहणाऱ्याला सांगायला नको. परतीच्या प्रवासातही त्याने विक्रम केला, ३४.५१ नॉटचा, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवासी जहाजांत तो आजवर कोणी मोडलेला नाही. चाचणीत तर ते ३८.३२ नॉटपर्यंत गेले होते, पण तो आकडा अमेरिकी नौदलाने वर्षानुवर्षे गुप्त ठेवला. कारण बांधणीच्या सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर खर्चातला मोठा वाटा सरकारचा होता, आणि युद्ध पेटलेच तर चौदा हजार सैनिक घेऊन न थांबता दहा हजार सागरी मैल जाता यावे, हा त्यामागचा हिशेब होता. एका इंजिनखोलीवर आघात झाला तरी दुसरी चालू राहावी म्हणून त्या वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. चार प्रोपेलरपैकी दोघांना चार पाती आणि दोघांना पाच, हीसुद्धा गुप्त बाब!

हे सारे ज्याने आखले, तो विल्यम फ्रान्सिस गिब्ज नावाचा माणूस शिक्षणाने वकील होता. आठ वर्षांचा असताना, १८९४ साली, फिलाडेल्फियात एक जहाज पाण्यात उतरताना त्याने पाहिले आणि त्याचे वेड कायमचे डोक्यात शिरले. जहाजबांधणी तो स्वतःच्या स्वतः शिकला. दुसऱ्या महायुद्धात जी ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजे हजारोंनी बांधली गेली, त्यांचे कामाचे नकाशे त्याच्याच कचेरीत तयार झाले. त्याला धास्ती होती ती आगीची. १९३४ साली ‘मोरो कॅसल’ हे प्रवासी जहाज लाकडी सजावटीमुळे पेटत गेले आणि १३७ माणसे दगावली. १९४२ साली ‘नॉर्मंडी’सारखे राजवैभवी जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्यावर बांधलेले असताना एका गॅस टॉर्चच्या ठिणगीने जळाले. म्हणून गिब्जने आपल्या जहाजात लाकूडच येऊ दिले नाही. पियानो आणि मांस तोडण्याचा ओंडका सोडला तर लाकडाची वस्तू आत नव्हती, असे सांगतात. खुर्च्या, पलंग, कठडे अ‍ॅल्युमिनियमचे, पडदे काचतंतूंचे. फ्रेंच आणि ब्रिटिश जहाजांच्या तुलनेत आतली सजावट रुक्ष, इस्पितळासारखी आहे, अशी टीका त्या काळी झाली आणि ती अगदीच खोटी नसावी. पण ज्याला तीन रात्री समुद्राच्या मध्यावर झोपायचे आहे, त्याला शिसवी कपाटापेक्षा न पेटणारे कपाट बरे, असे मला आपले वाटते.

आता माझ्या अखत्यारीतली गोष्ट. तोवर एवढे अ‍ॅल्युमिनियम कोणत्याही बांधकामात वापरले गेले नव्हते. सुमारे २,००० टनांचा आकडा सांगितला जातो. वरचे मजले हलके झाले म्हणून जहाज डोईजड झाले नाही, आणि वाचलेल्या वजनाचा लाभ वेगाला मिळाला. पण खालचा भाग पोलादी आणि वरचा अ‍ॅल्युमिनियमचा म्हटला की खरी कसोटी सांध्याची असते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यात खारे पाणी शिरले की त्यांचा विद्युतघट तयार होतो, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्ले जाते. नागपूरच्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे. कूलरच्या जस्ती टाकीला पितळी तोटी बसवली, की दोन-तीन उन्हाळ्यांत टाकीचा बाकी पत्रा धड राहतो आणि तोटीभोवतालचा सडून गळू लागतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गिब्जच्या माणसांनी या दोन धातूंमध्ये जागोजाग रोधक थर घालून त्यांची गाठ पडू दिली नाही. आज स्फोटाच्या दाबाने जोडलेल्या द्विधातूच्या पट्ट्या तयार मिळतात. १९५० साली त्या नव्हत्या. एक फूट सांधा नीट रोधणे म्हणजे किती कटकट असते, हे मी जाणतो. तिथे हजारो फूट होते.

मी हे जहाज प्रत्यक्ष पाहिले आहे. २०१४ साली मुलीकडे अमेरिकेत गेलो असता फिलाडेल्फियात एक दिवस काढला. १९९६ पासून ते तिथल्या एका धक्क्याला बांधलेले होते आणि समोरच आयकियाचे भलेमोठे दुकान आहे. मुलगी कपाट बघत होती, आणि मी त्या दुकानातल्या उपाहारगृहाच्या काचेशी कॉफीचा कागदी पेला घेऊन तासभर बसलो. मग रस्ता ओलांडून कुंपणापर्यंत गेलो. धुरांड्यांचा लाल रंग उडून फिकट गुलाबी झाला होता आणि रंगाचे पापुद्रे वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखे सुटले होते. खालच्या काळ्या पोलादावरून गंजाचे तांबडे ओघळ आले होते. वरच्या मजल्यांचाही रंग गेला होता, पण तिथे तसा ओघळ दिसत नव्हता. नुसता मळकट, करडा धातू. साठ वर्षे उलटून गेली होती. नाळेवरचे नाव अजून वाचता येत होते.

त्याला निकामी केले ते त्याच्या कोणत्याही दोषाने नाही. १९५८ साली अटलांटिकवरून जेट विमाने सुरू झाली आणि साडेतीन दिवसांचे काम सात-आठ तासांवर आले. गिब्ज १९६७ साली वारला, जहाज १९६९ च्या नोव्हेंबरात थांबले. त्याच्या आदल्याच वर्षी बिल क्लिंटन नावाचा एक विद्यार्थी त्यातून ऑक्सफर्डला गेला होता.

त्याच्या बरोबरीचे म्हणावे असे फ्रेंच जहाज ‘फ्रान्स’. १९६२ च्या डिसेंबरात ‘मोनालिसा’ अमेरिकेला गेली ती ‘फ्रान्स’मधून, आणि १९६३ साली परत आली ती ‘युनायटेड स्टेट्स’मधून, यावरून दोघांची पत लक्षात यावी. त्या ‘फ्रान्स’चा शेवट आपल्या देशात झाला, हे किती जणांना ठाऊक असेल? नाव बदलत बदलत, शेवटी ‘ब्लू लेडी’ म्हणून ते २००६ साली गुजरातेत अलंगला आले, आतल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, २००७ साली परवानगी मिळाली आणि ते किनाऱ्यावर गॅस कटरने कापले गेले. आपल्या जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचेही तेच. मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली होती तेव्हा मी मुलांना दाखवायला नेले होते. २०१४ साली तीही भंगारात गेली, आणि पुढे तिच्या पोलादाची मोटारसायकल निघाली. लोकांनी ती हौसेने घेतली. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण मोटारसायकलीकडे पाहून ‘विक्रांत’ आठवेल, असेही वाटत नाही.

या जहाजाच्या वाट्याला ते आले नाही, म्हणून मी बुडवण्याच्या निर्णयावर रागावू शकत नाही. गिब्जच्या नातीच्या पुढाकाराने चाललेल्या संस्थेने ते अनेक वर्षे कबाड्यांच्या हातून वाचवले. शेवटी धक्क्याच्या भाड्याचा वाद कोर्टात गेला आणि २०२४ साली जागा सोडण्याचा आदेश झाला. फ्लोरिडातील ओकालूसा काउंटीने ते १० लाख डॉलरला विकत घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते फिलाडेल्फियाहून ओढून काढले गेले आणि मार्चच्या सुरुवातीला अलाबामातील मोबाईल बंदरात पोहोचले. तिथे तेल, तारा, रंग असे समुद्राला घातक ते काढून मग ते मेक्सिकोच्या आखातात बुडवायचे, माशांना आसरा आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांना पर्यटन, आणि धुरांडी जमिनीवर संग्रहालयात ठेवायची, अशी योजना आहे. २००६ साली याच किनाऱ्यालगत ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका अशीच बुडवली गेली. हे त्याहून मोठे.

माझ्या धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर दोन हजार टन उत्तम अ‍ॅल्युमिनियम समुद्रात टाकणे हा शुद्ध वेडेपणा आहे. ते वितळवले असते तर किती वीज वाचली असती, हे मी पेन्सिलीने मांडूनही पाहिले. पण वितळलेल्या धातूला आपण आधी काय होतो ते आठवत नाही. माझ्या मुशीतून निघालेल्या ठोकळ्यांत पातेले कुठले आणि इंजिन कुठले, हे मलाही कधी ओळखता आले नाही. या जहाजाचे मोल त्या धातूत नव्हते, तो कसा बसवला त्यात होते, आणि ते निदान पाण्याखाली तरी काही काळ जसेच्या तसे राहील. मग मात्र खारे पाणी त्या रोधक थरांमागे शिरेल आणि गिब्जने जी गाठ पडू दिली नाही, ती सावकाश पडेल. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांना त्याला किती वर्षे लागतात, हे पाहायला मी नसेन.

पुढची बातमी द्याल तेव्हा कृपया नाव पूर्ण छापावे. काकांचे कार्ड सोबत जोडले आहे, चित्र म्हणून वापरण्यास हरकत नाही. छापून झाल्यावर ते परत मिळावे. घ्यायला मी स्वतः कचेरीत येईन, टपालाने पाठवू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ओतशाळाचालक
लक्ष्मीनगर, नागपूर