चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचे नाव आणि ताकद हवी

महोदय,

परदेश प्रवासाबद्दल लिहिताना मधुमेहींसाठी हमखास एक ओळ असते, 'औषधे हातातल्या बॅगेत ठेवा.' सल्ला अगदी खरा आहे. विमानाच्या पोटातल्या सामानात इन्सुलिन गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकूनच द्यावे लागते. बॅग भलत्याच विमानतळावर गेली तर ते निराळेच. पण मोठी फसगत होते ती पुढे, जवळचा साठा संपला किंवा फुटला आणि परक्या गावातल्या औषधाच्या दुकानात उभे राहायची वेळ आली की. तिची सुरुवात निघण्याआधीच झालेली असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

बहुतेक चिठ्ठ्यांवर फक्त ब्रँडचे नाव असते. तो ब्रँड दुसऱ्या देशात मिळेलच असे नाही, मिळाला तर त्याच नावाखाली वेगळे मिश्रण असू शकते. 'इन्सुलिन ग्लार्जिन', 'इन्सुलिन अस्पार्ट', 'मेटफॉर्मिन' ही औषधांची मूळ नावे मात्र बहुतेक सगळीकडे ओळखतात. तरी एखादे औषध दोन नावांनी वावरते. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लायब्युराइड ही एकच गोळी. एकाच माणसाने दोन्ही घेतल्या तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

त्याहून गंभीर गोष्ट इन्सुलिनच्या ताकदीची. जगात बहुतेक ठिकाणी यू-100, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट मिळते. काही देशांत अजूनही यू-40 च्या बाटल्या चालतात आणि त्यांची सिरिंज वेगळी असते. समजा तुम्हाला 20 युनिट घ्यायचे आहेत. यू-40 च्या सिरिंजवर 20 च्या रेघेपर्यंत ओढले की अर्धा मिलिलिटर भरतो. त्याच सिरिंजमध्ये परदेशात विकत घेतलेले यू-100 भरले, तर त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये 50 युनिट असतात. अडीच पट डोस! उलटे केले, म्हणजे यू-40 ची बाटली आणि यू-100 ची सिरिंज, तर 20 च्या रेघेवर जेमतेम 8 युनिट जातात. रेघ तीच, हात तोच, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. बाटली बदलली की सिरिंजही त्याच ताकदीची घ्यायची, आणि चिठ्ठीवर 'यू-40' किंवा 'यू-100' लिहिलेले असायलाच हवे.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. काही देशांत रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काहींत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. मिलिमोलला 18 ने गुणले की मिलिग्रॅम. तिकडचा डॉक्टर '12' म्हणाला तर ते 216 आहे, आणि '3.9' म्हणजे 70, लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यायची वेळ. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणीही काही ठिकाणी टक्क्यांत देत नाहीत. तिथला 53 म्हणजे आपला 7 टक्के. स्वतःचे मीटर आणि त्याच्याच स्ट्रिप नेल्या तर निम्मा प्रश्न सुटतो. स्ट्रिप मात्र मूळ डबीतच ठेवाव्यात, ओल आणि ऊन त्यांना सोसत नाही.

घड्याळाचे गणित डॉक्टरांकडून कागदावरच घ्यावे. पूर्वेकडे सहा तासांच्या फरकाचा प्रवास केला तर रात्री दहाचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन तिथल्या रात्री दहाला घेताना मध्ये 18 तासच गेलेले असतात. आधीचा डोस अजून काम करत असतो, त्यावर नवा चढतो आणि शुगर खाली येते. पश्चिमेकडे तेवढेच गेले तर मध्ये 30 तास पडतात. टाइप 1 असणाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांना, ही पोकळी कीटोनपर्यंत (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी घातक आम्ले) नेऊ शकते. किती युनिट कमी करायचे, मध्ये छोटा डोस घ्यायचा का, हे इन्सुलिनच्या प्रकारावर आणि माणसावर ठरते. अंदाजाने करू नये. जेवणाआधीचे इन्सुलिन विमानात ताट समोर आल्यावरच घ्यावे, कारण हवा बिघडली की जेवण देणे थांबते.

साठा नेमका लागेल त्याच्या दुप्पट घ्यावा आणि दोन हातबॅगांत विभागावा. जपानमध्ये महिन्याभराहून जास्त पुरेल इतकी औषधे नेण्यासाठी आधी परवानगी लागते, म्हणून जाणार त्या देशाचा नियम पाहावा. औषधांना 100 मिलिलिटरच्या द्रवाच्या मर्यादेतून सूट असते, पण तपासणीआधी ती वेगळी काढून दाखवावीत, मूळ खोक्यात आणि डॉक्टरांच्या पत्रासह. अंगावर इन्सुलिनचा पंप किंवा सतत साखर मोजणारा सेन्सर असेल तर अनेक कंपन्या तो एक्स-रे यंत्रातून नेऊ नका म्हणतात. हाताने तपासणी मागावी. विमान वर जाताना हवेचा दाब कमी होतो, पंपाच्या नळीत बुडबुडे येतात आणि थोडे जास्त इन्सुलिन आत ढकलले जाऊ शकते. विमान वर स्थिरावल्यावर नळी पाहावी. इन्सुलिनच्या पेनवर सुई लावून ठेवली तर त्यातही हवा शिरते, म्हणून टोचून झाले की सुई काढून टाकावी.

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, हे सर्वांना माहीत असते. उघडलेले बहुतेक प्रकार 30 अंशांखाली साधारण 28 दिवस चालतात, पण काही मिश्र इन्सुलिनचे पेन 10 दिवसच टिकतात आणि डेग्लुडेक हे लांब पल्ल्याचे इन्सुलिन 56 दिवस. बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नये, हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. दोन्हीकडे गोठते.

डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक मधुमेहीला एक छापील पान द्या. औषधाचे मूळ नाव, ताकद, डोस, घड्याळ बदलल्यावरचे वेळापत्रक, आणि उलट्या-जुलाब झाल्यास कोणती गोळी थांबवायची. मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्यांबाबत हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण ग्लिफ्लोझिनमुळे शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात आणि रुग्ण मीटर बघून निर्धास्त राहतो. आणि प्रवाशांनी हे पान मागायला आदल्या दिवशी नव्हे, तीन-चार आठवडे आधी जावे.

आपला,
एक वाचक