शहराचा व्ह्यू फक्त बिल भरणाऱ्यांनाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत नवी मुंबईतल्या रूफटॉप बार आणि रेस्टॉरंटची मोठी यादी आली होती, फोटो एकदम झकास, आमच्या ग्रुपवर दिवसभर तेच फिरत होतं. यादीबद्दल तक्रार काहीच नाही, उलट बरं वाटलं, कारण इतकी वर्षं व्ह्यू म्हटलं की लोक मरीन ड्राइव्हचं नाव घ्यायचे आणि नवी मुंबई म्हटलं की सेक्टर नंबर आणि एपीएमसी मार्केट. पण अख्खी यादी वाचली तरी बिल न भरता वर जाता येईल अशी एक जागा काही सापडली नाही, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी काय दारूबंदीवाला नाही. महिन्या दोन महिन्यांनी मित्रांबरोबर जाऊन बसतो आणि मजा येते, खोटं कशाला बोलू. वाशीच्या खाडीकडच्या एखाद्या उंच गच्चीवर संध्याकाळी बसा, समोर खाडीचं पाणी, पलीकडे ट्रॉम्बेची काळी टेकडी, हिवाळ्यात सूर्य साधारण त्याच बाजूला उतरतो, आणि डोक्यावरून मुंबईला उतरणारी विमानं एकामागोमाग एक पुढचे दिवे लावून येत असतात, रांगेत, घाई नाही गडबड नाही. मग अंधारायला लागलं की खाडीपुलावरून लोकल निघते. आत बसलेल्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो हे आपल्याला माहीत असतं, कारण सकाळी आपणही त्याच गाडीत लटकलेलो असतो, पण लांबून उजळलेल्या खिडक्यांची ती पट्टी पाण्यावरून सरकताना इतकी सुंदर दिसते की पाच मिनिटं सगळं टेबल गप्प होतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं अनुभवाचं पण सांगतो, कारण यादीत नुसते मेन्यू होते. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा, मावळल्यावर नाही. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडे सहाला सूर्यास्त आहे आणि जुलैच्या सुरुवातीला सात-वीसला, त्यामुळे "आठला भेटू" म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. खरी मजा सूर्य गेल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत असते, आकाश गडद निळं असतं आणि इमारतींचे दिवेही लागलेले असतात, दोघांचा उजेड सारखा असतो म्हणून फोनमध्येसुद्धा फोटो चांगला येतो, नंतर नुसता काळा कागद आणि ठिपके. हवा सगळ्यात स्वच्छ मिळते पाऊस नुकता उघडल्यावर, ऑक्टोबरचे पहिले काही दिवस, डिसेंबर-जानेवारीत धुरकट होतं. काचेआड बसू नका, काचेत आपलंच टेबल दिसतं. आणि बसण्याआधी बाहेर पडायचा जिना कुठं आहे ते बघून ठेवा, डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या रूफटॉपला आग लागून १४ माणसं गेली होती, ते विसरायला नको.

आता तक्रारीचं. मागे एकदा आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे गेलेत, टेकडीबिकडी चढणं जमत नाही, म्हटलं इथं लिफ्ट आहे, तिला वरून आपलं शहर दाखवू. तर कठड्याकडची सगळी टेबलं मिनिमम बिलिंगवाली, आणि आकडा असा की आमचं महिन्याचं दूध-पेपरचं बिल त्यात निघेल. आम्हाला मिळालं मधल्या खांबाच्या मागचं टेबल, समोर मोठा टीव्ही आणि टीव्हीवर मॅच. म्हणजे इतक्या मजल्यांवर नेऊन माणसाला टीव्ही दाखवायचा! आईनं फ्रेश लाइम सोडा घेतला, थोडा वेळ गप्प बसली आणि मग वेटरला म्हणाली, बाळा, मी दोन मिनिटं तिकडं कडेला उभी राहू का. तो पोरगा बिचारा मॅनेजरकडे बघायला लागला. मॅनेजरनं मान हलवली, हो म्हणून, पण ती परवानगी मागायची वेळ आली ते काही मला पटलं नाही. जागेचं नाव लिहीत नाही, त्यांचा धंदा आहे, भाडं आहे, लायसन्सची फी आहे, बारमधल्या दारूवरचा व्हॅटही सरकारनं २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के केला, ते कुठून ना कुठून काढणारच. प्रश्न त्यांचा नाही, प्रश्न असा की वरून शहर बघायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वयाची अट, काही ठिकाणी संध्याकाळनंतर पोरांना आतच घेत नाहीत, मग शाळेतल्या मुलानं हे सगळं बघायचं कुठून? ज्येष्ठांनी कुठून? आणि जो पीतच नाही त्यानं?

मुंबईत हे असं नव्हतं. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी मरीन ड्राइव्हचे दिवे पहिल्यांदा बघितले ते कमला नेहरू पार्कातून, म्हातारीच्या बुटात चढून झालं की बाबा कठड्याशी नेऊन दाखवायचे, तो बघ राणीचा हार. एक पैसा लागायचा नाही, लागलाच तर भेळेचा. आणि हे जुनं झालं म्हणावं तर मुंबई महापालिकेनं २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी वॉकवे उघडला, शेवटी काचेचा डेक, तिथून समुद्र दिसतो, आणि तिकीट २५ रुपये. पंचवीस! म्हणजे महापालिकेनं ठरवलं तर होतं.

बाहेरच्या देशांत तर याचे नियमच करून ठेवलेत. टोकियोत महानगर सरकारची जी मुख्य इमारत आहे, म्हणजे त्यांचं मंत्रालय समजा, तिच्या ४५व्या मजल्यावर २०२ मीटर उंचीवर लोकांसाठी गॅलरी आहे आणि ती चक्क फुकट, लिफ्टनं वर जायचं, शहर बघायचं, खाली यायचं. लंडनला २० फेनचर्च स्ट्रीट नावाच्या टॉवरला परवानगी देताना वरच्या मजल्यांवर लोकांसाठी बाग करायची हे ठरवून घेतलं होतं, २०१५ मध्ये ती स्काय गार्डन उघडली, आधी बुकिंग करायचं आणि तिकीट शून्य. तिथले लोक कुरकुरतात की बुकिंग आणि सिक्युरिटी तपासणी असताना ही कसली सार्वजनिक बाग, आणि त्यांचं बरोबरही आहे, पण निदान कुरकुरायला बाग तरी आहे. शिवाय तिथं बारसुद्धा आहे, ज्याला प्यायचंय तो पितो, ज्याला नुसतं बघायचंय तो बघतो, कोणाचं काही अडत नाही. मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण सिंगापूरचं आहे. मरिना बे सँड्स हे आलिशान हॉटेल सगळ्यांना माहितीय, रीलमध्ये रोज दिसतं, पण त्याच गावात पिनॅकल ॲट डक्सटन म्हणून सरकारी घरांची वसाहत आहे, ५० मजली सात टॉवर, २००९ मध्ये पूर्ण झाले, २६व्या आणि ५०व्या मजल्यावर सातही टॉवर पुलांनी जोडलेत. ५०व्या मजल्यावर बाहेरचा माणूस थोडं तिकीट काढून जाऊ शकतो, रोज ठरावीकच लोकांना सोडतात म्हणजे रहिवाशांना त्रास नको. सरकारी घरं बरं का, लक्झरी टॉवर नाही.

आता आपल्याकडे बघा. सरकारी घरं बांधणारी इतकी मोठी संस्था, सिडको, आपल्याच गावात बसलीय. २०२४ च्या "माझे पसंतीचे सिडकोचे घर" योजनेत २६ हजार घरं होती, वाशी, खारघर, बामणडोंगरी, तळोजा वगैरे ठिकाणी, सगळे उंच टॉवर, आणि त्यातल्या कुठल्याही टॉवरच्या माथ्यावर टाकी, सोलर आणि कुलूप याशिवाय काय असणार आहे? १९७० मध्ये सिडको आली तेव्हापासून इथली जमीन तिच्याकडे, म्हणजे खरं तर इथल्या ९५ गावांकडून घेतलेली, ती प्लॉट पाडून टेंडरनं लीजवर जाते. बिल्डर कोट्यवधींची बोली लावतो, फ्लॅटच्या जाहिरातीत "पॅनोरमिक क्रीक व्ह्यू" लिहून प्रत्येक मजल्यामागे जास्तीचे पैसे लावतो. म्हणजे खाडी सगळ्यांची आणि तिच्या व्ह्यूचा फ्लोअर राइज बिल्डरचा. मग खाडीकडच्या किंवा स्टेशनलगतच्या मोठ्या कमर्शियल प्लॉटच्या टेंडरमध्येच एक अट का घालू नये, की गच्चीचा काही भाग लोकांसाठी खुला, त्याला वेगळी लिफ्ट, वेगळा जिना, नाममात्र तिकीट, आणि ते न पाळल्यास ओसी, म्हणजे इमारत वापरायचा दाखला, नाही? शेजारी रूफटॉप बार चालवा ना खुशाल, त्यांचंही गिऱ्हाईक वाढेल.

उंची फार लागते असंही नाही. गणित सोपं आहे, ३० मीटरवरून म्हणजे दहा मजल्याच्या गच्चीवरून क्षितिज १९-२० किलोमीटरवर असतं, १०० मीटरवर गेलात तर ३५ च्या पुढे. उंची तिपटीनं वाढली तरी नजर दुपटीपेक्षाही कमीच पुढे जाते. त्यामुळे आपल्याला काही बुर्ज खलिफा नकोय, आणि आता विमानतळ आल्यामुळे उंचीवर बंधनं आहेतच. पंचवीस मजले खूप झाले, समोर आडवं कोणी नसलं म्हणजे झालं.

आणि टॉवर नको असेल तर टेकडी आहेच की. बेलापूरचा पारसिक हिल घ्या, महापौर निवास तिथंच आहे, सकाळी वॉकवाले रोज चढतात. वरून पाम बीच रोड, नेरूळ, खाडी, आणि हवा बरी असेल तर अटल सेतूच्या दिव्यांची रेघ आणि नव्या विमानतळाची बाजू, सगळं एका नजरेत. आता काय आहे तिथं? रस्त्याच्या कडेला बाइक लावायची, कठड्यावर बसायचं, मागून गाडी आली की पाय वर घ्यायचे, आणि अंधार पडला की हाकलतात. एक नीट डेक, चार बाकं, रॅम्प आणि बेलापूर स्टेशनवरून एनएमएमटीची एखादी छोटी बस, एवढ्यानं काम होतं. खारघरच्या डोंगराचंही तेच, वरून सेंट्रल पार्क आणि मेट्रोचा मार्ग काय सुंदर दिसतो, पण पावसाळा आला की पांडवकडा धबधब्याच्या बंदीत सगळंच बंद. बंदी समजू शकतो, माणसं वाहून गेलीत तिथं, पण सुरक्षित जागा एक तयार केली तर लोक असुरक्षित जागी कशाला जातील?

ठाणेकरांनी यात हसू नये, तुमचंही काही वेगळं नाही. माझा मामेभाऊ घोडबंदर रोडला तिसाव्याच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्याच्या एका बाल्कनीतून नॅशनल पार्कचं जंगल आणि दुसऱ्या खिडकीतून खाडी, पावसाळ्यात ढग खालून जातात. आम्ही गेलो की तो अर्धा तास नुसता व्ह्यू दाखवतो आणि मग चहा. पण त्याच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा, तो कधी वर गेलाय का. येऊरला जे बार आणि टर्फ झालेत त्यांच्या लाइट आणि आवाजानं जंगलाचं काय होतंय हे ठाणेकरच सांगतात, तेव्हा डेक करताना ते प्रकार नकोत. आपल्या खाडीला तर २०२२ पासून रामसरचा, म्हणजे जगात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा दर्जा आहे, फ्लेमिंगो येतात, तिकडे तोंड करून लेझर आणि फ्लडलाइट मारायचे नाहीत ही अट पहिली घाला, बारवाल्यांनाही आणि महापालिकेच्या रोषणाईवाल्यांनाही.

राहता राहिल्या आपल्या सोसायट्या. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी पुण्याला. वर्षातून एकदा कोजागिरीला कुलूप निघतं, दूध आटतं, सगळे वर येतात आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, अरे इथून तर पाम बीच दिसतो! गच्ची सगळ्या मेंबरांची, मेंटेनन्स सगळे भरतात, मग आठवड्यातून दोन संध्याकाळी वॉचमन बसवून ती उघडायला काय हरकत आहे? कठडा नीट उंच करून घ्या, लहान मुलं मोठ्यांशिवाय नकोत, फटाके आणि बाटल्या नकोत, संपलं. त्याला ना सिडको लागते ना टेंडर.

माझी सिडको आणि महापालिकेला विनंती एवढीच की पुढच्या एका तरी प्लॉटला ही अट लावून बघा, आणि पारसिकवर तो डेक करा. आणि केलाच तर बागांसारखं दुपारी कुलूप लावून किंवा अंधाराआधी शिट्टी मारून लोकांना बाहेर काढू नका, रात्री साडेनऊपर्यंत उघडा ठेवा, स्वच्छ टॉयलेट ठेवा, आणि कठड्यावर नगरसेवकांच्या वाढदिवसाचे बॅनर लावू देऊ नका, नाहीतर एवढं वर चढून तेच चेहरे बघायचे.

आपला,
एक नियमित वाचक, नेरूळ