कपाट घेण्याआधी कपडे मोज

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
वैशाख

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या घरकुलाचा स्लॅब पडला आणि आता कपाटाचे काम तेवढे राहिले आहे, हे वाचून फार आनंद झाला. सुतार सात फूट रुंदीचे कपाट सुचवतो आहे आणि वहिनींना तेही कमीच पडेल असे वाटते, असे तू लिहिले आहेस. माझे मत वेगळे आहे. घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली असते. सात फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट त्यातली १४ चौरस फूट जागा कायमची अडवील. तेवढ्यात लग्नसराईत आलेल्या एका पाहुण्याचे अंथरूण पडते. चार फूट रुंदी तुम्हाला पुरेल, मात्र आतले खण कोणत्या कपड्यासाठी आहेत हे सुताराने फळी कापण्याआधी ठरले पाहिजे.

त्यासाठी आधी घरातले सगळे कापड एका सतरंजीवर काढून त्याचे ढीग लावा. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे केले की एक गोष्ट लगेच दिसते: अर्धे कपाट अंगावर घालायच्या कपड्यांनी भरलेलेच नसते. आहेरात आलेले शर्टपीस आणि पँटपीस, टॉवेल-टोप्या, ब्लाऊजपीस, सत्काराच्या शाली हे सगळे पुढच्या आहेरात द्यायचे म्हणून वर्षानुवर्षे सर्वांत सोयीच्या खणात बसलेले असते. ते एका पेटीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून, माळ्यावर ठेव. साड्यांच्या घड्यांत लपवलेला सातबारा आणि पासबुकही त्याच दिवशी बाहेर काढून एका फायलीत लाव, म्हणजे एका कागदासाठी सगळा खण उपसावा लागणार नाही.

आता मापांकडे येतो, कारण जागा खरी वाचते ती येथे. शर्ट किंवा कुडता हँगरला लावला की दांडीखाली साधारण ४० इंच लागतात. कपाटाची उंची सात फूट असेल, तर जमिनीपासून ४० इंचांवर एक आणि ८० इंचांवर दुसरी अशा दोन दांड्या एकाखाली एक बसतात आणि तेवढ्याच रुंदीत दुप्पट कपडे मावतात. पातळ हँगर वापरल्यास एका शर्टाला सुमारे एक इंच धरावा. म्हणजे दोन फुटांच्या एका दांडीवर वीस-बावीस शर्ट दाटी न होता राहतील. हँगर आडवा मावण्यासाठी आतली खोली २२ इंच हवी, हे सुताराला आवर्जून सांग.

उरलेल्या दोन फुटांत कडप्प्याच्या फळ्या घाल. कडप्पा ओलीने फुगत नाही आणि उधई त्याला खात नाही. दोन फळ्यांमध्ये १० ते १२ इंचांहून अधिक अंतर मात्र ठेवू नकोस. तयार लोखंडी कपाटांत हे अंतर बरेचदा जास्त असते, त्यामुळे चळत उंच होते आणि खालचा सदरा ओढला की वरचे सगळे कोसळते. घडीच्या कपड्यांना १५ इंच खोली पुरते. येथे ती २२ इंच असल्यामुळे मागची रांग विसरली जाण्याचा धोका आहे, म्हणून पुढे ओढता येतील असे बिनझाकणाचे लांबट ट्रे वापर आणि त्यांत मुलांचे कपडे उभ्या घडीने लाव, म्हणजे प्रत्येक कपडा वरून दिसतो. दाराच्या आतल्या बाजूला खुंट्या ठोकून घे. उन्हाळ्यात डोक्याला बांधायचे दुपट्टे तेथे राहतील.

रजयांची अडचण मोठी आहे, कारण त्या थंडीतले तीन महिने लागतात आणि उरलेले नऊ महिने जागा खातात. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्यांविषयी तू विचारले आहेस. कृत्रिम धाग्याच्या रजईला त्या उत्तम, कारण पिशवी उघडली की ती पुन्हा फुगते. आपल्या कापसाच्या गादीला किंवा रजईला मात्र मी त्या वापरणार नाही. कापूस दबून त्याचे गोळे होतात आणि पिंजून घेण्याचा खर्च वाढतो. कापसाच्या रजया दिवाणाच्या पेटीत जाऊ देत. पिशवीत भरण्यापूर्वी रजई कडक उन्हात पूर्ण वाळलेली असावी, नाहीतर आत राहिलेली ओल पावसाळाभर वास धरते.

वहिनींचे माहेर भंडाऱ्याकडचे, तेव्हा करवतकाठी कोशाच्या साड्या घरात असणारच. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या किड्याचे ते रेशीम. त्याला प्लास्टिकची पिशवी मुळीच नको. जुन्या मऊ धोतराच्या कापडात गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी सावलीत वारा देऊन घडी बदला. एकाच घडीत वर्षानुवर्षे राहिलेल्या साडीच्या रेघेवरून बोट फिरवले की धागा ताठ लागतो, आणि ती उजेडासमोर धरली तर त्या रेघेवर सुईच्या टोकाएवढी भोके ओळीने दिसतात. तशी साडी कितीही जपली तरी सांधता येत नाही. डांबराच्या गोळ्या कापडी पुरचुंडीत बांधून वरच्या खणात ठेवाव्यात, कारण त्यांची वाफ हवेहून जड असल्याने खाली उतरते. जरीला त्या टेकू देऊ नयेत. घरात रांगते लेकरू आहे, ते पेपरमिंट समजून तोंडात घालील, तेव्हा तुझ्याकडे सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पालाच बरा.

भिंतीविषयी एकच सांगतो. कपाटाची पाठ पावसाच्या झडीच्या भिंतीला येणार असेल तर जागा बदल. ते शक्य नसेल तर मागे दोन इंच मोकळे सोड आणि उधईची मातीची रेघ चढते आहे का, हे अधूनमधून बॅटरी लावून पाहत जा. हे सगळे मृग लागण्यापूर्वी उरकले पाहिजे, कारण ओल्या भिंतीवर रंगही वाळत नाही आणि लाकूडही फुगते.

भिंतीची लांबी, उंची आणि दार कोणत्या बाजूला उघडते एवढे कळव, म्हणजे मी खणांचा कच्चा नकाशा काढून पाठवतो. तोवर सुताराला विसार देऊ नकोस. आईंना आणि वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र