शुगर नॉर्मल आली तरी पाय का जळतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. शुगरवाल्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी यावर पेपरात वरचेवर येतं, पण दारूने पाय जातात यावर काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून लिहितोय.

माझा मोठा भाऊ वीसेक वर्षं रोज प्यायचा. आधी रात्री तळपाय जळायला लागले, पांघरूण लागलं तरी सहन होईना, मग गार फरशीवर पाय टेकवून बसायचा. आम्हाला वाटलं उष्णता, काशाच्या वाटीने तूप चोळून झालं. शुगर नॉर्मल आली. कुणी म्हणालं मणक्यात शीर दबलीय. एक दिवस दादा एकाच पायात चप्पल घालून घरी आला, वहिनी म्हणाली दुसरी कुठाय, तर तो खाली बघतच राहिला, रस्त्यात कधी निघाली ते कळलंच नव्हतं. आईने मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेवायला लावले, हा म्हणतो अजून गरम ओत, सकाळी बघतो तर दोन्ही पायांना फोड. पाय बधिर असतील तर शेक अजिबात देऊ नका हो, पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघायचं.

एका डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं आणि म्हणाले आधी दारू सोडा मग या. याने रागारागात घरीच एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री हात थरथरतायत, भिंतीवर किडे दिसतायत, अंगावरचे झटकतोय, शेवटी अ‍ॅडमिट करावं लागलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे 'सोडा' म्हणताना सांगायला नको का?

तिथल्या फिजिशियननी मात्र वहिनीला शेजारी बसवून सगळं विचारलं, कारण दादा प्रत्येक ठिकाणी 'कधीमधी घेतो' एवढंच सांगायचा. ते म्हणाले, दारू नसांना म्हणजे मज्जातंतूंना थेट मारते, वर जेवण तुटतं आणि बी१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही, सगळ्यात लांब नसा पायाच्या म्हणून सुरुवात तिथून. थायमिनची इंजेक्शनं दिली, बी१२ तपासलं, नसांची टेस्ट केली, जळजळीला वेगळी गोळी, आणि त्याच आठवड्यात व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाकडे पाठवलं. पिणारा माणूस अचानक बरळायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, डोळे नीट फिरेनात, तर चढलीय म्हणून झोपवू नका, लगेच दवाखान्यात न्या, थायमिन वेळेत मिळालं नाही तर मेंदूला कायमचं नुकसान होतं, हेही तिथेच कळलं.

दारू सोडून दादाला आता आठ महिने झाले. जळजळ बरीच कमी आहे, बधिरपणा अजून आहे, तो पूर्ण जाईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

माझी मागणी एवढीच, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असा पेशंट आला तर नसांचा इलाज आणि दारू सोडवायचा इलाज एकाच दिवशी सुरू व्हावा. आणि विम्यात दारूमुळे झालेलं आजारपण वगळतात त्याचाही सरकारने विचार करावा, आमचा सगळा खर्च वहिनीच्या दागिन्यांतून झालाय. तोवर व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तो तरी ठळक छापा.

नाव छापू नये ही विनंती, वहिनीला गावात राहायचंय.

– एक वाचक, जि. सातारा